खालचा डावा कोपरा

क्लायपेदाच्या बंदरात मी क्रेन चालवतो.
चाळीस मीटर उंचीवरच्या काचेच्या खोलीतून
माणसं मुंगीएवढी, कंटेनर काडेपेटीएवढे.
नजर चुकली तर कुणाचा तरी जीव जातो,
म्हणून माझी नजर चुकत नाही
असं मी समजून होतो.

जानेवारीत इथे चारलाच दिवे लागतात.
युर्गा मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला निघते,
दारातून बजावते: सूप गरम करून घ्या, आणि एकच पुस्तक, दोन नाहीत.
मग स्मिल्ते, वय वर्षं साडेतीन,
तेच पुस्तक घेऊन माझ्या पोटावर चढते.
चौकोनी, जेवणाच्या ताटाएवढं,
लायब्ररीतल्या गेनोवाइतेबाईंनी
तिसऱ्यांदा मुदत वाढवून दिलेलं,
आधीच्या कुणा पोरानं कोपरे चावलेलं.

गोष्ट एका बगळ्याची.
त्याला नवा कोट हवाय, आणि शिंप्याकडचा एकही कोट
त्याच्या मानेला पुरत नाही.
पानभर पाण्यात विरघळलेला करडा रंग,
मधेच आमच्या थंड बीट-सुपाचा तो निर्लज्ज गुलाबी.
बगळ्याच्या पायांजवळचा बर्फ तर रंगवलेलाच नाही,
कागद नुसता कोरा सोडलाय,
तरी बोट ठेवलं की गार लागतं.

मी वाचतो. बगळ्याचा आवाज घोगरा, शिंप्याचा किरटा.
शब्द संपले की पान उलटायला जातो.
ती पानावर तळहात दाबून धरते.
"थांब. त्याचं अजून झालं नाही."
कुणाचं? बगळा तर केव्हाच बोलून मोकळा झालाय.

अकराव्या रात्री, की बाराव्या,
मी दमलेलो, शब्द पाठ,
म्हणून डोळ्यांना काही काम नव्हतं,
तेव्हा दिसला.
खालच्या डाव्या कोपऱ्यात, मसुराएवढा
एक भुंगेरा. पाठीवर लाल बटण.

मागे गेलो.
पहिल्याच पानावर बगळ्याच्या जुन्या कोटाचं बटण
तुटून घरंगळतंय. शब्दांत त्याची दखलही नाही.
दुसऱ्यावर भुंगेरा त्याला हुंगतोय. तिसऱ्यावर ढकलतोय,
शिंप्याच्या टेबलाखालून, सुयांच्या डबीमागून.
एका पानावर तर चक्क सुपात पडलाय
नि बटणाची होडी करून काठ गाठतोय.
"तुला माहीत होतं?"
तिनं माझ्याकडे पाहिलं,
कामावर आलेला नवा पोरगा
ब्रेक कुठला म्हणून विचारतो
तेव्हा मी पाहतो, तसं.

म्हणजे इतके दिवस
मी वरची गोष्ट वाचत होतो
आणि माझ्या हनुवटीखाली
ती खालची.

शेवटच्या पानावर बगळ्याला कोट मिळतो. सगळे टाळ्या वाजवतात.
जुना कोट खुंटीला, एका बटणाच्या जागी दोरा लोंबतोय.
मी विचारलं, "बटण कुठंय ते सांगूया का त्याला?"
"नको." तिनं पुस्तक मिटलं, पालथं घातलं.
मागच्या पुठ्ठ्यावर, लायब्ररीच्या शिक्क्याला खेटून,
बटण मातीत उभं रोवलेलं.
त्याच्या एका भोकातून पिवळा उजेड,
दुसऱ्यातून बाहेर आलेले दोन बारीक पाय.
"ते आता त्याचं घर आहे," ती म्हणाली,
आणि जरा विचार करून,
"बगळ्याला दुसरं मिळेल. त्याच्याकडे शिंपी आहे."

दुसऱ्या दिवशी वारा इतका की काम थांबवलं.
वरच बसून राहिलो. खाली पाहिलं,
रोजच्या रांगांकडे नाही, कडेकडेनं.
तिसऱ्या गोदामामागे
आमचा खडूस मुकादम कास्तितिस
गुडघे टेकून बसलेला,
काळ्या पावाचा तुकडा दातांनी मऊ करून
एका लंगड्या सीगलला भरवत होता.
मला सहा वर्षं झाली इथे.
वायरलेसकडे हात गेला,
मागे घेतला.

घरी आलो तर जाकिटाचं मधलं बटण गायब.
युर्गा सुईदोरा शोधायला उठली,
कुठे पडलं म्हणून विचारू लागली.
स्मिल्ते जेवता जेवता थांबली,
चमचा तसाच हवेत.
मी म्हटलं, राहू दे.